चिंधीच्या नखाला शिवलेला बूट

उघडी वस्तू दिसली की खोळकरांचा जीव कासावीस होतो. उघड्या नळाचं किंवा उघड्या दाराचं त्यांना काही नसतं. ती बंद करायला बायको आहे. पण ज्या वस्तूला खोळ नाही, गवसणी नाही, निदान कडा दुमडून शिवलेला एखादा कापडाचा तुकडा नाही, ती वस्तू त्यांना आंघोळीनंतर टॉवेल न सापडलेल्या माणसासारखी वाटते. सोफे, खुर्च्या, गाड्यांच्या सीटा नव्यानं मढवून देणं हा त्यांचा धंदा. तेव्हा हा रोग कामावर जडला आणि तिथून त्यांच्याबरोबर घरी आला. खोळकर हे गल्लीनं ठेवलेलं नाव. खरं आडनाव काहीतरी वेगळंच आहे, पण ते आता टपाल खात्यालाही आठवत नाही. आणि टपाल खात्यात तर त्यांची बायकोच खिडकीवर बसते.

त्यांच्या घरात फ्रिजच्या मुठीला बाही आहे. टीव्हीच्या रिमोटला रेक्झिनचा अंगरखा आहे, त्यातून आवाजाचं बटण दाबलं की चॅनल बदलतो. सोफ्याला खोळ आहे, ती मळू नये म्हणून तिच्यावर दुसरी खोळ आहे आणि पाहुणे आले की त्या दुसऱ्या खोळीवर एक चादर पसरतात. मूळ सोफ्याचा रंग कोणता, यावर नवराबायकोत मतभेद आहेत.

"मी जरा जास्त वेळ एका जागी बसले ना," बायको शेजारणीला सांगते, "तर हे मलाही टाके घालतील. पायपिंगसकट."

आता एवढं मान्य केलं पाहिजे की माणसाच्या हातात सफाई आहे. खोळकरांनी मढवलेल्या खुर्चीचा कोपरा कुठून वळला आणि टाका कुठे लपला, हे शोधायला भिंग लागतं. पण ही गोष्ट खोळकरांना स्वतःला फार लवकर कळली आणि तिथेच सगळं बिघडलं. कुणाच्याही घरी गेले की ते बसण्याआधी खुर्ची उलटी करून पाहतात. एकदा तर ओळखीतल्या एकांचे वडील वारले म्हणून समाचाराला गेले, सोफ्यावर टेकले, बोटं फटीत घातली आणि भरल्या बैठकीत गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "हे कोणी केलं?" मयताच्या थोरल्या मुलाला घाम फुटला. तो बिचारा डॉक्टरांनी दिलेली कारणं सांगायला लागला. खोळकर म्हणाले, "ते राहू द्या हो. ही शिलाई."

दुसऱ्या कुठल्याही कामातला जाणकार म्हणजे लबाड, असं त्यांचं ठाम मत. घड्याळजी, नळवाला, दातांचा डॉक्टर, सगळे एका माळेचे मणी. "कापड, फोम, सोल्यूशन आणि सुई," ते म्हणतात, "यातून जे होत नाही ते व्हायची गरजच नसते."

या माणसाकडे एक कुत्री आहे. दुकानात कातरकामाच्या टेबलाखाली चिंध्यांचा ढीग असतो, त्यात ती एका सकाळी सापडली. पिल्लू होती. नाव ठेवायला कुणाला डोकं लढवावं लागलं नाही: चिंधी. ती त्याच ढिगावर वाढली, दिवसभर त्याच ढिगावर झोपते आणि रात्री खोळकरांबरोबर घरी जाते. खोळकरांनी तिच्यासाठी अस्तर लावलेला कोट शिवला होता. तो तिनं आधी फाडला, मग खाल्ला. खोळकरांच्या कामाबद्दल इतकं स्पष्ट मत त्यांच्या आयुष्यात दुसऱ्या कुणीही दिलेलं नाही. त्यावर ते म्हणाले, "कापड हलकं होतं."

तर एका दुपारी दुकानात एका हॉटेलच्या खुर्च्या आणि एक लांबलचक कोच आला होता. कोचाची जुनी कातडी सोलून झाली होती. खालचं गोणपाट फाटून लोंबत होतं, स्प्रिंगा बाहेर डोकावत होत्या. चिंधीला त्या गोणपाटात काहीतरी सापडलं असावं. ती पुढच्या दोन्ही पायांनी उकरायला लागली, उजव्या पायाचं कडेचं नख गोणपाटाच्या सुतळीत अडकलं, तिनं हिसका दिला आणि अशी किंकाळी फोडली की शेजारच्या सलूनवाल्याच्या हातातला वस्तरा गिऱ्हाइकाच्या गालावरच थांबला.

नख मुळापासून दुभंगलं होतं आणि एका बाजूनं लोंबत होतं. रक्त चांगलंच वाहत होतं, आणि खाली हॉटेलचं नवंकोरं बदामी कापड पसरलेलं होतं. खोळकरांनी आधी कापड उचललं. मग कुत्री उचलली. हा क्रम कुणी विसरू नये.

सलूनवाला धावत आला, बरोबर धुतलेला टॉवेल घेऊन. त्यानं टॉवेल पायावर दाबून धरला.

"हलवू नका. असंच घट्ट धरा, रक्त थांबेल. आणि कोचाचं काम सोडा, हिला जनावरांच्या डॉक्टरकडे न्या."

"नखासाठी डॉक्टर?" खोळकर म्हणाले. "तू लोकांची नखं कापतोस ती डॉक्टरला विचारून?"

"मी कापतो हो. हे मुळातून निघालंय."

"निघालंय म्हणजे काय, सुटलंय. सुटलेली गोष्ट कशी बसवायची ते तू मला शिकवणार?"

सलूनवाल्यानं टॉवेलकडे एकदा पाहिलं, तो आता परत मिळायचा नाही हे ओळखलं, आणि अर्ध्या गालाच्या गिऱ्हाइकाकडे परत गेला.

रक्त थांबल्यावर खोळकरांनी चिंधीला मांडीवर घेतलं, चष्मा पुसला आणि कामाला बसले. फोम चिकटवायच्या सोल्यूशनचा एक थेंब काडीनं दुभंगलेल्या नखाच्या आत सोडला, दुसरा बाहेरून फिरवला, आणि खुर्चीचा हात बसवताना धरतात तसं नख दोन बोटांत दाबून धरलं. चिंधी सगळ्या अंगानं थरथरत होती. "झालं हं, झालं," ते तिला म्हणत होते, आणि ते मनापासून म्हणत होते, हीच तर यातली वाईट गोष्ट आहे. त्यांचं त्या कुत्रीवर भारी प्रेम. तिच्या पायाला आपल्या हातून काही वाईट होईल, हा विचार त्या डोक्यात शिरायला फटच नव्हती. तीही शिवून घेतलेली.

मग बूट. मऊ चामड्याचा तुकडा, आत पातळ फोम, त्याला अस्तर, वर आवळायला नाडी. काठाला पायपिंग. एकही टाका बाहेरून दिसत नव्हता.

संध्याकाळी बायको कचेरीतून आली. तिचं बोलणं खिडकीमागे बसून बसून आखूड झालेलं आहे. समोरचा जरा लांबण लावायला लागला की ती "पुढे" म्हणते.

"हे काय?"

"बूट."

"ते दिसतंय. आत काय आहे?"

"पाय. नख जरा दुखावलंय. मी बसवलंय व्यवस्थित. म्हणजे त्याचं असं झालं, की तो हॉटेलचा कोच..."

"पुढे."

"पुढे काय? बरं होईल."

सोल्यूशनचं त्यांनी सांगितलं नाही. बायकांना त्यातलं कळत नाही, असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

बरं काही होईना. चिंधी तो पाय टेकेना. बूट चावून तोडायला बघायची, म्हणून खोळकरांनी नाडी आणखी आवळली. तिनं खाणं अर्ध्यावर आणलं. मग ती दुकानात यायचीच बंद झाली. घरात पलंगाखाली भिंतीला चिकटून पडून राहायला लागली. खोळकर वाकून हात पुढे करायचे, तर ती आणखी आत सरकायची. याचंही त्यांच्याकडे कारण तयार होतं: "आरामाची गरज आहे तिला. समजूतदार आहे."

एका सकाळी बायको केर काढताना पलंगापाशी थबकली.

"वास येतोय."

"चामड्याला वास असतोच."

"चामडं मेलेलं असतं म्हणून येतो. हिचा पाय जिवंत आहे. उठा. शर्ट घाला."

"कुठे?"

"मी रजा टाकतेय. तुम्ही नुसते प्रश्नच विचारणार असाल तर तुमच्याशिवाय जाते."

जनावरांच्या दवाखान्यात जमिनीवर वजनाचा काटा होता, भिंतीवर कुत्र्याच्या दातांचं चित्र होतं, आणि कोपऱ्यात कुणाच्या तरी पिशवीतून एक मांजर सगळ्या जगाला शिव्या देत होतं. बाकाचं रेक्झिन एका टोकाला फाटलेलं होतं. खोळकरांची बोटं आपोआप तिकडे गेली. बायकोनं त्यांचा हात उचलून त्यांच्या मांडीवर ठेवला.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि कुत्र्यांशी माणसांपेक्षा जास्त अदबीनं बोलत होत्या. त्यांनी चिंधीला स्टीलच्या टेबलावर घेतलं, बूट उलटसुलट पाहिला आणि कात्रीनं उभा कापला. खोळकरांच्या तोंडून "अरे" निघालं. ते बुटासाठी होतं. मग आतला पाय दिसला.

बोट सुजून टरटरलं होतं. अस्तर ओलं होऊन कातडीला चिकटलं होतं. नखाच्या मुळाशी पू होता.

"हे कोणी केलं?"

हा प्रश्न खोळकरांनी आयुष्यभर दुसऱ्यांना विचारला होता. आपल्याला कुणी विचारेल अशी त्यांची काही तयारी नव्हती.

"आहे एक माणूस," ते भिंतीवरच्या दातांकडे बघत म्हणाले. "आमच्या भागातला. करतो असली कामं."

बायकोनं मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. खोटी सही घेऊन खिडकीवर आलेल्या माणसाकडे ती असं पाहते.

"हातात सफाई आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. खोळकरांचे खांदे अर्धा इंच वर आले. "पण माणूस गाढव आहे." खांदे होते तिथे गेले. "जखम कुणी असं कोंडतं का? हवा नाही, ओल तशीच, वर आवळून बांधलेलं. पू होणार नाही तर काय होणार?"

त्या चिमट्यानं आत बघत होत्या. चिंधी विव्हळली. डॉक्टरीणबाई थांबल्या.

"आत काहीतरी चिकटवलेलं आहे. कडक झालंय. काय आहे हे? तुमच्या त्या माणसाला फोन लावा जरा."

"फोन?"

"हो. काय घातलंय ते कळलं तर सोडवता येईल. नाहीतर असंच खरवडून काढावं लागेल, आणि इतक्या सुजलेल्या बोटाची कातडी त्याबरोबर निघून आली तर मग बोट राहील की नाही ते मी सांगू शकत नाही."

खोळकरांनी खिशातून फोन काढला. फोनला गवसणी, गवसणीला चेन. ती चेन उघडायला त्यांनी जितका वेळ घेतला तितक्या वेळात दुसऱ्या कुणी खुर्चीचा पाय बसवला असता. फोन कानाला लावला. कुणालाच लावलेला नव्हता.

"उचलत नाही."

"पुन्हा लावा."

त्यांनी पुन्हा कुणालाच लावला नाही. टेबलावर चिंधी तीन पायांवर उभी होती. चौथा डॉक्टरीणबाईंच्या हातात होता. ती पळायची धडपड करत नव्हती. नुसती थरथरत होती, त्या दुपारी त्यांच्या मांडीवर थरथरली होती तशी, आणि बायकोच्या कोपराखाली तोंड खुपसायला बघत होती. खोळकर तिच्या दुसऱ्या बाजूला, अगदी हातभर अंतरावर उभे होते. त्या बाजूला ती बघतसुद्धा नव्हती.

"पुढे बोला," बायको म्हणाली. हळूच म्हणाली.

"सोल्यूशन आहे."

"कसलं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"रबराचं. फोम चिकटवायचं. पिवळा डबा येतो त्याचा." मग त्यांनी फोन खिशात ठेवला. "दोन थेंब. एक आत, एक बाहेरून. मीच लावलं. तो माणूस म्हणजे मीच."

मांजरसुद्धा गप्प झालं, असं त्यांना वाटलं. खरं तर त्याच्या आवाजाला कंटाळून कुणीतरी ती पिशवी बाहेर नेली होती.

डॉक्टरीणबाई ओरडल्या नाहीत. "बरं, रबराचं," एवढंच म्हणाल्या, बोट बधीर करायचं इंजेक्शन दिलं, तेल मागवलं, आणि कापसाचे बोळे तेलात बुडवून ते सोल्यूशन हळूहळू मऊ करत सोडवायला बसल्या. बराच वेळ लागला. शेवटी उरलेलं नख काढलं, जखम धुतली, औषध लावलं. बोट राहिलं.

मग सूचना. सकाळ-संध्याकाळ कोमट मिठाच्या पाण्यात पाय बुडवायचा, नीट कोरडा करायचा. गोळ्या संपेपर्यंत द्यायच्या. चाटू नये म्हणून गळ्यात प्लास्टिकचा कर्णा. बाहेर नेताना सैलसर पट्टी, ती घरी आल्यावर लगेच काढायची.

"आणि घरात?" खोळकरांनी विचारलं.

"घरात उघडा."

"उघडा म्हणजे... नुसता?"

"नुसता. तुम्ही काहीही शिवायचं नाही."

घराचं कुलूप काढताना बायको म्हणाली, "तो माणूस कुठे राहतो म्हणालात? आपल्याच भागात ना?"

आणि तिथून पुढे तो माणूस त्यांच्या घरात राहायलाच आला. "त्या माणसाला म्हणावं, दूध संपलंय." "तो माणूस आज आंघोळ करणार आहे का?" "चहा दोघांना करू, की त्याच्यासाठीही टाकू?" खोळकर खाली मान घालून चहा पीत.

त्यापेक्षा जड गोष्ट वेगळी होती. चिंधी त्यांना जवळ येऊ देईना. त्यांचा हात पुढे आला की कर्ण्याच्या आतून गुरगुर यायची, आणि कर्ण्यातून येत असल्यामुळे ती घरभर ऐकू जायची. पाय बुडवायचं काम बायको करत होती. पण तिची रजा संपली, सकाळची पाळी लागली.

"उद्यापासून तुम्ही."

"ती येत नाही माझ्याकडे."

"कशी येईल? हातांचा वास घेऊन बघा. डोळे मिटले तरी कळतं कोण आलंय ते. तिला तो डबा आठवतो."

खोळकरांनी हात नाकाशी नेले. त्यांना काही वास आला नाही. आयुष्यभर त्या वासात राहिलेल्या माणसाला कसा येणार? पण त्यांनी साबण घेतला, मग लिंबू घेतलं, मग पुन्हा साबण घेतला, आणि हात असे घासले की बोटांची सालं निघाली. दुसऱ्या दिवशी दुकानात गेल्यावर पिवळा डबा उचलला आणि सलूनवाल्याकडे ठेवायला दिला.

"किती दिवस?" सलूनवाल्यानं विचारलं.

"कुत्री सांगेल."

आता सोल्यूशनशिवाय हॉटेलचं काम होईना. हॉटेलच्या मॅनेजरचा फोन आला.

"खुर्च्या कुठायत? लोक उभं राहून जेवतायत इथे!"

"उभ्यानं पचतं चांगलं."

"अहो, नुसता फोम तर चिकटवायचाय!"

"चिकटवायचं काम बंद आहे."

"का?"

"कुत्री आजारी आहे," खोळकरांनी सांगितलं आणि ठेवून दिला. मॅनेजरनं पुढे गावभर सांगितलं की खोळकर भ्रमिष्ट झाले. तसे ते आधीपासूनच होते. मॅनेजरला उशिरा कळलं.

खोळकरांना चिंधीला सकाळी उचलून नेता येईना, म्हणून ते तिच्यामागून अंतर ठेवून चालत तिला दुकानापर्यंत आणायचे, आणि टेबलापाशी कोमट पाण्याचं घमेलं घेऊन जमिनीवर बसायचे. पाणी थंड व्हायचं. ते पुन्हा गरम करून आणायचे. पुन्हा थंड व्हायचं. चिंधी ढिगावरून बघत राहायची. गिऱ्हाइकं दारातून डोकावून जायची.

"काय, पेडिक्युअरची सोय केलीत?" सलूनवाला म्हणाला. "माझा धंदा बुडवणार तुम्ही."

"जा रे, तुझं काम बघ."

"हिचा पाय बुडवायचाय का तुम्हाला?"

पहिल्या दिवशी तर पाय बुडालाच नाही. रात्री बायकोनं बुडवला आणि "तो माणूस अगदीच कुचकामी आहे" असं चिंधीला सांगितलं. पुढे एका सकाळी चिंधी ढिगावरून उतरली, लंगडत घमेल्यापाशी आली आणि कर्णा पाण्यात घालून पाणी प्यायली. पाणी खारट. तिनं तोंड वाकडं केलं, शिंकली, कर्ण्यातलं सगळं पाणी खोळकरांच्या चष्म्यावर उडवलं. या धांदलीत तिचा दुखरा पाय घमेल्यात पडला. खोळकरांनी चष्मासुद्धा पुसला नाही. पाण्यातून हात नेला आणि पायाखाली नुसता तळवा धरला, दाबला नाही. चिंधी गुरगुरली. तळवा तिथेच राहिला, आणि पायही. चष्म्यावरून थेंब गळत होते आणि दारातून कुणीतरी विचारत होतं की स्कूटरच्या सीटचं काय झालं. खोळकरांना काही दिसतही नव्हतं आणि ऐकूही येत नव्हतं.

पिवळा डबा त्यानंतरही बरेच दिवस सलूनवाल्याकडेच राहिला. कर्णा निघाला. चिंधी पाय टेकायला लागली, मग धावायला लागली, मग हॉटेलच्या त्याच कोचावर चढून झोपायला लागली. आणि पुढे कधीतरी त्या बोटाच्या टोकाला नवं नख फुटलं.

ते वाकडं फुटलं. शेजारच्या बोटाकडे झुकलेलं, काळपट, एका बाजूनं जाड. एका टाक्याची रेघ सरळ नाही म्हणून अख्खी खुर्ची उसवणाऱ्या माणसाच्या डोळ्यांसमोर, दिवसभर. खोळकर ते नख इकडून बघत, तिकडून बघत. दिव्याखाली बघत. एका संध्याकाळी ते घरात जमिनीवर बसले होते, पुढ्यात चिंधी पसरली होती आणि त्यांच्या हातात बारीक कानस होती. बायको दारात उभी.

"काय चाललंय?"

"काही नाही. बघतोय."

"बघायला कानस लागते?"

"वाकडं येतंय गं. या बाजूनं जरासं घासलं ना, म्हणजे अगदी जरासं..."

"तिला दुखतंय?"

"नाही."

"चालता येतंय?"

"येतंय. पण दिसतं कसं ते!"

"कुणाला दिसतं? ती काय लग्नाला उभी राहिलीय?" बायकोनं पुढे होऊन त्यांच्या हातातून कानस काढून घेतली. "हात मांडीखाली घाला आणि बसा."

खोळकरांनी दोन्ही हात मांडीखाली घातले. चिंधीनं त्यांचा गुडघा हुंगला, कूस बदलली आणि तो पाय नेमका त्यांच्या समोर लांब करून झोपून गेली. नख वाकडंच होतं. स्वयंपाकघरातून बायकोनं जेवायला हाक मारली, पुन्हा मारली, तरी ते तसेच बसून होते, हात दाबून, नखाकडे बघत.